फी महिना ५००, मग बाकीचे पैसे कुठे जातात?

प्रश्न एका वडिलांचा आहे. ते सोलापुरात अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात कामाला आहेत. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा तेरा वर्षांचा, दोघांनाही कराटे शिकायचंय. घराजवळच्या क्लासची फी महिन्याला ५०० रुपये. शेजारी म्हणतो, "फी नुसती सुरुवात असते, पुढे हजारोंनी जातात." खरं काय, आणि मुलाला तालमीत घातलं तर स्वस्त पडेल का, असं त्यांनी विचारलंय.

दादा, शेजाऱ्याचं म्हणणं खरं आहे, पण हजारो रुपये जातात ते कशावर, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यातले काही खर्च टाळले तर मूल जखमी होतं किंवा शिकणं अर्धवट राहतं. काही खर्च असे असतात की ते केले नाहीत म्हणून मुलाचं काडीचंही नुकसान होत नाही. कुठला खर्च कुठल्या बाजूचा, हे आधी कळलं तर तुमच्या पगारातही हे जमू शकतं.

मी १९९६ मध्ये, अकरा वर्षांची असताना कराटे सुरू केलं. वडिलांची गिरणी बंद पडली होती, आई घरात विड्या वळायची. फी ३० रुपये होती आणि ती दर महिन्याला वेळेवर गेली असं झालं नाही. आज मी स्वतः शिकवते. त्यामुळे फी देणाऱ्याची बाजू मला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याचीही. पुढे जे आकडे देते ते माझ्या पाहण्यातले, आपल्या शहरातले. क्लासप्रमाणे थोडं कमी-जास्त होईल.

फीपासून सुरुवात करू. सोलापुरात साध्या क्लासची फी ४०० ते ८०० च्या आसपास असते. जुळे सोलापूर किंवा होटगी रोडकडे, एसी हॉल असेल तर हजाराच्या पुढे. ही रक्कम जास्त वाटत असेल तर क्लासवाल्याचा एकच खर्च सांगते. खाली अंथरायच्या मॅटचा एक मीटर बाय एक मीटरचा तुकडा जाडीप्रमाणे ७०० ते १५०० रुपयांना पडतो. कराटेच्या सामन्याची जागा आठ मीटर बाय आठ मीटर, म्हणजे नुसती तेवढी जागा झाकायला ६४ तुकडे. बाहेरची सुरक्षेची पट्टी वेगळीच. त्यावर हॉलचं भाडं आणि लाइट बिल. म्हणून ५०० रुपयांत मॅट, पंखे आणि नियमित येणारे सर मिळत असतील तर फीवर घासाघीस करू नका. दोन भावंडं आहेत म्हणून सवलत मात्र जरूर मागा, बहुतेक जण देतात. आणि २०० रुपयांत फरशीवर शिकवणारा क्लास असेल तर मुलांना तिथे घालू नका. फरशीवर पडण्याचा सराव होत नाही, आणि पडायला शिकणं हा या सगळ्याचा पाया आहे.

ड्रेस. सुरुवातीचा हलका ड्रेस ६०० ते ९०० रुपयांना मिळतो, पांढरा पट्टा बहुधा त्यातच असतो. पॉलिस्टर मिसळलेला घेऊ नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो, पत्र्याच्या शेडखाली तो कपडा अंगाला चिकटतो आणि घाम जिरतच नाही. पूर्ण सुती घ्या, पण उंचीपेक्षा एक माप मोठा. पहिल्या दोन-तीन धुण्यांत सुती कापड आटतं, हे तुम्हाला मी काय सांगावं, तुमचा रोजचा सुताशीच संबंध. बाह्या आणि पायजमा आत दुमडून टाके घालून ठेवायचे, मूल वाढेल तसे उसवायचे. एका ड्रेसवर दोन वर्षं निघतात.

आता सोलापूरची खरी अडचण. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. क्लास आठवड्यातून तीन-चार दिवस, ड्रेस पांढरा, आणि पाणी काही दिवसांआड. घामाचा ड्रेस पिशवीत तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी घातला की कमरेवर, मांडीवर गजकर्ण उठतं. एकाला झालं की मॅटवरून दहा जणांना. मग त्वचेच्या डॉक्टरांची फी, मलम, गोळ्या, आणि औषध मध्येच सोडलं की पुन्हा तेच. यात १२०० ते १५०० रुपये गेलेली घरं मी दरवर्षी बघते. तेवढ्यात दुसरा ड्रेस आला असता. म्हणून माझ्या हिशेबात दुसरा ड्रेस ही चैन नाही. तो लगेच जमत नसेल तर निदान इतकं करा: घरी आल्याबरोबर ड्रेस अर्ध्या बादलीत बुडवून पिळून वाऱ्यावर टाकायचा. साबणाचं धुणं पाणी येईल त्या दिवशी. ज्युडोचा ड्रेस तर आपल्या चादरीसारखा जाड विणीचा असतो, पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही. तो १५०० ते ३००० रुपयांना येतो आणि शिंप्याकडून शिवून चालत नाही, कारण त्याची कॉलर आणि खांदे ओढाताण सोसतील असे खास शिवलेले असतात. कराटेचा साधा ड्रेस चांगल्या जाड सुती कापडातून शिंपी शिवून देतो. माझा पहिला ड्रेस आईने तसाच शिवून घेतला होता.

सामान पहिले सहा महिने लागत नाही. सरांनी पहिल्याच दिवशी तीन हजारांचं किट घ्यायला लावलं तर विचारा की फाइट कधी सुरू होणार. फाइट सुरू झाली की मात्र हात आखडू नका. सगळ्यात आधी माउथगार्ड. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा साधा माउथगार्ड १५०-२०० रुपयांना मिळतो. समोरचा दात तुटला तर रूट कॅनल आणि कॅप मिळून सात-आठ हजारांना सहज जातं, आणि नऊ वर्षांच्या मुलीचा तो पक्का दात असतो, पुन्हा येणारा नसतो. त्यानंतर ग्लोव्हज ४०० ते ७००, नडगीला बांधायचे शिनगार्ड ६०० ते १०००. मुलीसाठी पुढे छातीचा चेस्टगार्ड, मुलासाठी जांघेचा ग्रोइनगार्ड. ब्रँडेड आणि आंतरराष्ट्रीय मान्यतेचा शिक्का असलेलं सामान तिप्पट महाग असतं, ते मोठ्या स्पर्धेच्या आधी घ्यायची गरज नाही. एक सांगते, माउथगार्ड सोडून बाकी सामान दोघा भावंडांत वापरता येतं, माप जुळलं तर. म्हणून दोघांना एकाच कलेत घाला. मुलाचा ड्रेस आटून-तोकडा होऊन मुलीला येतो, ही बचत छोटी नाही.

तायक्वांदोचा विचार असेल तर तिथे छातीचं आणि डोक्याचं संरक्षण दोन्ही लागतं, आणि वरच्या स्पर्धांत गुण मोजणारं इलेक्ट्रॉनिक सामान येतं. ते क्लबचं असेल तर ठीक, घरटी घ्यायची वस्तू ती नाही.

आता बेल्ट. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण घरोघरचे पैसे इथेच गळतात.

पट्ट्याची पद्धत कराटेची मूळची नाही, ती ज्युडोतून आली. ज्युडोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही आपली शाळा सुरू केली आणि पुढे दान म्हणजे वरच्या दर्जाच्या शिष्यांना काळा पट्टा बांधायची रीत पाडली. जपानात कराटे रुजवणाऱ्या फुनाकोशींनी ती उचलली आणि १९२४ मध्ये आपल्या शिष्यांना कराटेतले पहिले दान दर्जे दिले. मधले पिवळे, हिरवे, निळे पट्टे नंतर रुजले. मुलांना पुढची पायरी दिसावी म्हणून ते चांगलेच आहेत. माझ्या क्लासमध्येही आहेत. पण पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत आठ-नऊ परीक्षा होतात, प्रत्येकीची फी ३०० ते ८००. वर्षाला तीन धरल्या तर हजार ते अडीच हजार रुपये. शेवटी ब्लॅक बेल्टची परीक्षा, तिला पाच हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत मागतात.

परीक्षा फी घेण्यात वावगं काही नाही. बाहेरून परीक्षक येतात, प्रमाणपत्र, पट्टा यांचा खर्च असतो. वावगं तेव्हा, जेव्हा परीक्षा ठरलेल्या तारखेला सगळ्यांचीच होते आणि सगळेच पास होतात. तुम्ही प्रवेश घेण्याआधी सरांना सरळ विचारा: "गेल्या परीक्षेत कुणाला थांबवलं का?" थांबवलं असेल तर त्या क्लासची परीक्षा ही परीक्षा आहे. आणि पैसे नसतील तर एखादी परीक्षा सोडून द्या. मुलगी पिवळ्या पट्ट्यावर आठ महिने राहिली म्हणून तिची लाथ कमजोर होत नाही. मी स्वतः हिरव्या पट्ट्यावर दीड वर्ष होते, कारण घरात पैसे नव्हते. त्या दीड वर्षात माझे काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, पक्के झाले, ते आजही शिकवताना उपयोगी पडतात. मात्र मुलीला कारण खरं सांगा. "तुला येत नाही म्हणून नाही, पैसे पुढच्या वेळी भरू," एवढं नऊ वर्षांच्या मुलाला समजतं.

स्पर्धांचंही असंच आहे, फक्त रक्कम मोठी. शाळेमार्फत होणाऱ्या शासकीय स्पर्धा तुम्हाला जवळजवळ फुकट पडतात. आधी आपल्याकडेच शहर किंवा जिल्हा, मग पुणे विभाग, मग राज्य. मुलांची नावं शाळेने पाठवायची असतात, म्हणून जून-जुलैतच पीटीच्या सरांना भेटून ठेवा. याउलट खासगी "ओपन नॅशनल" पुण्यात असली की प्रवेश फी हजाराच्या आसपास, मूल आणि एक पालक असे दोघं, पहाटे हुतात्मा एक्स्प्रेसने जायचं, एखादी रात्र लॉजवर, जेवण, रिक्षा. चार-पाच हजार गेलेच. कारखान्यातल्या दोन खाड्यांची रोजंदारी वेगळी. वर्षातून एकदा, मूल खरंच तयार झालं असेल तर, अनुभवासाठी जा. दर दोन महिन्यांनी पदकासाठी जाऊ नका.

२००३ मध्ये मी अठरा वर्षांची होते. एका संघटनेने परराज्यात "आंतरराष्ट्रीय" स्पर्धा ठेवली होती. आईने कानातली फुलं गहाण ठेवून साडेचार हजार रुपये दिले. तिथे गेल्यावर आपल्याच देशातले तीन-चार राज्यांचे संघ, माझ्या गटात तिघी. मला सुवर्णपदक मिळालं. गल्लीत सत्कार झाला. दोन वर्षांनी नोकरीच्या अर्जाला ते प्रमाणपत्र जोडलं, तेव्हा कळलं की त्या संघटनेला शासनाची मान्यताच नव्हती, कागद चालणार नाही. फुलं सोडवायला आईला पुढं वर्षभर रोजच्या हजार विड्यांवर आणखी दोनशे वळाव्या लागल्या. हे मी माझ्या प्रत्येक पालकाला सांगते. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, पण ते मान्यताप्राप्त संघटनेच्या, ठरलेल्या पातळीच्या स्पर्धांनाच, आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. कुठल्याही मोठ्या स्पर्धेचे पैसे भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन एवढंच विचारा: "या संघटनेचं प्रमाणपत्र चालतं का?" विचारायला पैसे पडत नाहीत.

ऑलिम्पिकचं स्वप्न दाखवून कोणी पैसे मागत असेल तर हेही माहीत असू द्या: कराटे आजवर एकदाच, टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये होतं. २०२४ च्या पॅरिसला नव्हतं. ज्युडो, तायक्वांदो, बॉक्सिंग आणि कुस्ती तिथे होत्या. कराटे त्याने कमी ठरत नाही, पण पुढे खेळाडू म्हणूनच करिअर करायचं असेल तर निवड करताना याचा विचार व्हावा.

आता तुमचा तालमीचा प्रश्न. आपलं शहर तालमींचं आहे, जुन्या पेठांत चार गल्ल्यांमागे एक तालीम सापडते. तिथली वर्गणी नाममात्र असते, लंगोट दीडशे-दोनशेचा, बाकी लाल माती. ती माती तेल, ताक, लिंबू, हळद घालून तालीम स्वतः राखते. प्रवेशाच्या खर्चात तालमीइतकं स्वस्त काहीच नाही. पैसा लागतो तो खुराकाला. कसून मेहनत करणाऱ्या वयात आलेल्या पैलवानाचा हिशेब करा: रोज दोन लिटर म्हशीचं दूध, महिन्याचे ४००० च्या आसपास. रोज १०० ग्रॅम बदाम, म्हणजे महिन्याला तीन किलो, अडीच हजारांवर. दीड किलो तूप, हजाराच्या पुढे. रोज सहा अंडी, हजार-बाराशे. फळं, खारीक, मटण धरलं नाही तरी नऊ हजारांच्या घरात गेलो. म्हणूनच आपल्याकडे पैलवान घडवणं हे एकट्या घराचं काम कधी नव्हतं, गाव त्याच्या मागे उभं राहायचं. खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले ते लोकांच्या वर्गणीवर, आणि त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. तिथून त्यांनी कांस्यपदक आणलं.

पण तुमचा मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्याला हा खुराक लागत नाही. अर्धा-पाऊण लिटर दूध, मूठभर भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, दोन अंडी आणि ज्वारीची भाकरी पोटभर. आपल्या जिल्ह्यात ज्वारी आणि शेंगा दोन्ही पिकतात, त्यांना कमी लेखू नका. नेहमीच्या जेवणावर महिन्याला दीड-दोन हजार जास्त धरा. कराटे करणाऱ्या वाढत्या मुलालाही भूक लागतेच, फक्त तिथे त्याला कुणी खुराक म्हणत नाही, म्हणून हिशेबात येत नाही. प्रोटीन पावडरचे डबे मात्र या वयात आणू नका, कोणीही सांगितलं तरी.

म्हणजे तालीम स्वस्त का? पहिली दोन-तीन वर्षं, हो. पुढे तो खरंच पैलवान होऊ लागला तर नाही. आणि मुलगा पहाटे साडेचारला उठणार आहे का, हे त्यालाच विचारा.

दुखापतीचा खर्च कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. २०११ मध्ये माझ्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. एमआरआय, ऑपरेशन, फिजिओथेरपी मिळून दीड लाखाच्या वर गेले, आणि नऊ महिने क्लास बंद, म्हणजे मिळकतही बंद. मुलांमध्ये इतकं मोठं सहसा होत नाही. बोट मुरगळणं, पाऊल सुजणं, वर्षातून एखादा एक्स-रे, इतकंच. तरी वर्षाला दोन हजार रुपये या नावाने बाजूला ठेवा. नाही लागले तर त्यातून दुसरा ड्रेस येईल. आणि बघा, सर सुरुवातीला पंधरा मिनिटं वॉर्मअप घेतात का, लहानाची जोडी मोठ्याशी लावतात का, डोक्याला लागलेल्या मुलाला लगेच बाजूला बसवतात का. दवाखान्याचा खर्च वाढणार की कमी राहणार ते यावर ठरतं.

तुमच्या दोघांचा पहिल्या वर्षाचा हिशेब मांडते. फी ५०० प्रमाणे दोघांचे वर्षाला १२,०००, सवलत मिळाली तर दहाच्या आसपास. दोन ड्रेस १,६००. दोघांच्या दोन-दोन परीक्षा, साधारण १,६००. वर्षाच्या शेवटी माउथगार्ड आणि एक सामाईक किट, १,८००. दुखापतीचे बाजूला ठेवलेले २,०००. एकूण सतरा ते एकोणीस हजार, म्हणजे महिन्याला दीड हजार. दुसऱ्या वर्षी एखादी बाहेरची स्पर्धा आली तर आणखी पाच हजार. तिसऱ्या वर्षी मुलगा काळ्याच्या आधीच्या ब्राऊन बेल्टच्या जवळ आला की परीक्षा महाग होतात आणि ड्रेस, शिनगार्ड सगळं एकदम तोकडं होतं. शेजारी म्हणतो ते हजारो इथे येतात. त्या वर्षासाठी आत्तापासून महिन्याला दोनशे-तीनशे टाकत राहिलात तर झटका बसत नाही.

महिना दीड हजार झेपत नसेल तर मुलीला आधी घाला. हे माझं मत आहे आणि मी ते लपवत नाही. मुलाला तालमीत जाता येईल, मैदानावर धावता येईल, रात्री आठला एकटा घरी येता येईल. मुलीला हे सगळं मिळेलच असं नाही, तिला हक्काची जागा लागते. सरकारी शाळेत असेल तर सहावीपासून पुढे मुलींना शाळेतच तीन महिन्यांचं स्वसंरक्षण प्रशिक्षण मिळतं, त्याचीही चौकशी करून ठेवा. तीन महिन्यांत कराटे येत नाही, पण ओरडायचं कसं आणि हात सोडवायचा कसा, हे येतं.

फी थकली तर मुलांना घरी बसवू नका. पालक नेमकं हेच करतात. लाजेने मूल बंद करतात आणि सरांना वाटतं मुलाचा रस संपला. माझे पैसे आठ महिने थकले होते. आई एक दिवस क्लासच्या दारात येऊन उभी राहिली आणि स्पष्ट बोलली, तेव्हा सरांनी मला लहान मुलांचा वॉर्मअप घ्यायला लावून फी माफ केली. मी शिकवायला शिकले ते तिथे.

आणि पहिल्या महिन्यात ड्रेस विकत घेऊच नका. ट्रॅक पँट आणि टी-शर्टवर पाठवा, मुलं टिकतात का बघा. टिकली तर क्लासमध्ये विचारा, मापाचा जुना ड्रेस आहे का. बहुतेक क्लासच्या कपाटात दोन-चार असतातच. मुलं उंच झाली की ठेवून जातात. माझ्याकडे आत्ता एक आहे, नऊ-दहा वर्षांच्या मुलीला येईल असा, गुडघ्याजवळ थोडा रफू केलेला.